दुधाचा दात आणि ‘आमच्या’ हा शब्द



प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गातली मुले ओळखायला सोपी असतात. त्यांना पुढचे दात नसतात. सात-आठ वर्षांचे वय. एकाचा वरचा दात पडलेला, दुसरीचा खालचा हलतो आहे, तिसरा धडा चालू असताना जिभेने दात ढकलत बसलेला. ‘संत’ म्हणायला सांगितले की फटीतून वारा जातो आणि सगळा वर्ग हसतो. आम्हीही हसतो. धर्मशिक्षणाचे काम करताना देवाने दिलेल्या ज्या छोट्या गमती आहेत, त्यांतली ही एक.

या पावसाळ्यात मात्र याच दातांनी आम्हाला एक धडा शिकवला. तो आज आपल्यापुढे ठेवतो. त्यात चूक आमची आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

एका रविवारी वर्ग सुरू होण्याआधी एका मुलीने आपली नवी फट दाखवली आणि सांगितले, “टीचर, टूथ फेअरीने मला पाचशे रुपये दिले.” तिचे वडील आखातात नोकरीला आहेत. दात उशीखाली ठेवायचा, रात्री परी येते, दात नेते आणि पैसे ठेवते, हे तिने सगळ्यांना समजावून सांगितले. मग एकेकाचे हिशेब सुरू झाले. कुणाला शंभर, कुणाला पन्नास, कुणाला मोठे चॉकलेट. मागच्या बाकावरचा एक मुलगा गप्प होता. त्याचे दोन दात पडले होते. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, “आमच्याकडं परी येत नाही.” आमच्याकडं आज नळाला पाणी आलं नाही, असे बेळगावात आपण सांगतो ना, अगदी त्याच आवाजात.

त्याच्या वडिलांचे काम सुटले आहे, घर आजीच्या शिवणकामावर चालते, हे आम्हाला ठाऊक होते. आमच्या पोटात कालवले. वर्ग सुटल्यावर त्याला बोलावून आम्ही एका पाकिटात वीस रुपये घालून दिले आणि म्हणालो, “परीनं तुझ्यासाठी हे चर्चमध्ये ठेवलं होतं.” त्याचा चेहरा असा फुलला, की त्या दिवशी घरी जाताना आम्हाला स्वतःचेच कौतुक वाटत होते.

तीन आठवड्यांनी चर्चची झाडलोट करणाऱ्या काकांनी आमच्या हातात एक पुडी दिली. मरियामातेच्या मूर्तीच्या पायाशी फुलांमागे ठेवलेली होती. वहीचा कागद, आत तांदळापेक्षा जरा मोठा एक दात, आणि पेन्सिलीने लिहिलेले : “या वेळी पन्नास चालतील का?”

वाचून आधी हसू आले, आणि मग ते हसू घशातच अडकले. आम्ही काय करून बसलो होतो? एका भाबड्या मुलासाठी आम्ही मरियामातेच्या पायाशी दुकान मांडले होते. दात द्या, पैसे घ्या. आणि दोन महिन्यांनी याच मुलाला आम्ही वेदीपुढे नेऊन सांगणार होतो, की ख्रिस्तप्रसाद ही देणगी आहे, तिची किंमत कुणी देऊ शकत नाही.

ही परी आली कुठून, हे आम्ही मग शोधले. ती फार जुनी नाही. अमेरिकेत १९०८ साली ‘शिकागो ट्रिब्यून’च्या घरगुती सल्ल्यांच्या सदरात तिचा उल्लेख सापडतो. मूल हलणारा दात काढू देत नसेल तर त्याला परीची गोष्ट सांगा आणि उशीखाली पाच सेंटची एखादी वस्तू ठेवा, असा तो सल्ला होता. १९२७ साली तिच्यावर मुलांचे एक छोटे नाटक निघाले. पुढे ती तिथे घरोघरी पोहोचली. आता तर तिथली दातांच्या विम्याची एक कंपनी परीच्या दराची दरवर्षी पाहणी करते. १९९८ साली एका दाताला सरासरी १.३० डॉलर मिळत होते, २०२३ साली ६.२३ डॉलर. मोबाईलवरच्या कार्टूनमधून, परदेशातल्या नातेवाइकांकडून ती आपल्याकडे आली, आणि येताना दरपत्रकही घेऊन आली.

आमच्या लहानपणी दाताला दर नव्हता. दात पडला की कौलावर फेकायचा, नाहीतर उंदराच्या बिळात टाकायचा आणि त्याच्याकडे तसाच बळकट दात मागायचा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात; जुन्या माणसांनी हे पाहून ठेवले असणार. जपानात खालचा दात छपरावर फेकतात आणि वरचा जमिनीकडे, म्हणजे नवा दात त्या दिशेने सरळ येईल. कोरियातही दात छपरावर टाकतात, तिथे तो मॅगपाय नावाच्या पक्ष्यासाठी असतो. या सगळ्यांत मुलाला एकच गोष्ट मिळायची : नवा दात येणार, असा मोठ्यांचा शब्द.

पण आम्ही परीवर रागावलेलो नाही. मुलाच्या दृष्टीने पाहा. तोंडातून रक्त येते, शरीराचा एक तुकडा हातात येतो. भीती वाटणारच. त्या भीतीच्या दिवसाला कुणी गोड करत असेल तर त्यात वाईट काय? आणि आखातातला बाप लेकीची फट व्हिडिओ कॉलवर पाहतो, तिला जवळ घेऊ शकत नाही. तो बायकोला सांगतो, उशीखाली पाचशे ठेव. ते पाचशे रुपये म्हणजे त्याचा हात आहे. आम्ही कोण त्याला नावे ठेवणारे?

याच शोधात आम्हाला एक गोष्ट सापडली, आणि ती लिहिणारे निघाले एक धर्मगुरू.

स्पेनचा राजा तेरावा अल्फोन्सो १८८६ साली जन्मला तोच राजा म्हणून. त्याच्या जन्माआधीच वडील वारले होते, राज्यकारभार आई राणी मारिया क्रिस्तिना पाहत होती. हा बाळराजा आठ वर्षांचा असताना त्याचा दात पडला. तेव्हा, १८९४ साली, येशूसंघीय धर्मगुरू फादर लुईस कोलोमा यांनी त्याच्यासाठी एक गोष्ट लिहिली. तिच्यात पेरेस नावाचा उंदीर आहे. तो माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावरच्या एका मिठाईच्या दुकानात, बिस्किटांच्या डब्यात, बायकोमुलांसह राहतो. राजाचा दात न्यायला तो येतो. पण दात नेऊन पैसे ठेवले आणि संपले, असे फादर कोलोमा करत नाहीत. उंदीर त्या बाळराजालाच उंदीर करून बरोबर नेतो. रात्रीच्या माद्रिदमधून ते एका गरीब मुलाच्या माळ्यावरच्या खोलीत पोहोचतात. त्या मुलाचाही दात पडलेला असतो. राजा तिथली थंडी पाहतो, उघडेनागडे दारिद्र्य पाहतो. घरी परतल्यावर तो आईला विचारतो, की तो मुलगा गरीब का आणि मी राजा का. आई त्याला समजावते, की देव सगळ्यांचा बाप आहे, म्हणून ती मुले तुझी भावंडे आहेत, आणि राजा असणे म्हणजे त्यांचा थोरला भाऊ असणे.

आजही स्पेनमध्ये मुलांचे दात परी नेत नाही, हा उंदीर नेतो. आरेनाल रस्त्यावर त्याच्या नावाची पाटीसुद्धा लावलेली आहे.

ही गोष्ट वाचून आम्ही पुस्तक मिटले ते मान खाली घालून. आमच्या वर्गातही दोन मुले होती, दोघांचेही दात पडले होते, एकाकडे परी येत होती आणि एकाकडे येत नव्हती. फादर कोलोमांनी एकाला दुसऱ्याच्या घरी नेले. आम्ही फक्त पाकीट दिले, तेही दुसऱ्याच्या नावाने.

पहिले काम त्या मुलाला खरे सांगण्याचे होते. आम्ही त्याच्या घरी गेलो. आजी शिवणयंत्रापाशी होत्या. मुलाला शेजारी बसवून आम्ही म्हणालो, “ते वीस रुपये परीचे नव्हते, आमचे होते. तुला वाईट वाटू नये म्हणून आम्ही खोटं बोललो. आमचं चुकलं.” त्याने थोडा विचार केला आणि विचारले, “मग चर्चमध्ये मरियामाता पण नाही?”

बंधुभगिनींनो, इतकी वर्षे धर्मशिक्षण दिले, पण इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि तो आम्हीच त्याच्या तोंडी घातला होता. आम्ही जमेल तसे उत्तर दिले : “परी आम्ही केली होती. मरियामातेला आम्ही केलं नाही. येशूला आम्ही केलं नाही. आम्ही नव्हतो तेव्हाही ते होते.” त्याने मान डोलावली. पण पुढचे दोन रविवार तो आमच्याशी फारसा बोलला नाही, आणि तो त्याचा हक्क होता.

निघताना आजी म्हणाल्या, “टीचर, पैशाचं मनाला लावून घेऊ नका. पण आमच्याकडं दात कौलावर टाकतात, हे त्याला सांगायला मीच विसरले. कामाच्या नादात राहून गेलं.”

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात बाळराजाची गोष्ट सांगितली. प्रभूने शिकवलेली प्रार्थना आम्ही त्याच महिन्यात शिकवत होतो. मुलांना विचारले, या प्रार्थनेत ‘माझा’ हा शब्द किती वेळा येतो? सगळ्यांनी मनातल्या मनात प्रार्थना म्हणून पाहिली, बोटे मोजली. एकदाही येत नाही. देवाला बाप म्हणताना ‘आमच्या’. भाकर मागतानाही ‘आमची’. ज्याला पाचशे मिळाले तो आणि ज्याला काही मिळाले नाही तो, दोघांनी एकाच तोंडाने म्हणायची ती प्रार्थना आहे.

तेव्हा त्या मुलीने विचारले, “टीचर, मग माझे पाचशे रुपये चुकीचे?”

“नाही,” आम्ही म्हणालो. “तुझ्या बाबांनी ते प्रेमानं दिले. गोष्टीतल्या राजाला कुणी मुकुट टाकून दे असं सांगितलं नाही. थोरला भाऊ हो, एवढंच सांगितलं.” तिने त्याचे पुढे काय केले, हे आम्ही विचारले नाही. ते तिच्या आणि प्रभूच्या मधले आहे.

अनेक आईवडील विचारतात, ख्रिस्ती घरात हा परीचा खेळ खेळावा का? आम्हाला एवढेच कळले आहे. खेळ खेळावा, पण तो खेळच ठेवावा; देव, मरियामाता, संत यांना त्यात ओढू नये. देवाच्या घरी देवघेवीचा दर नसतो. अलेक्झांड्रियाच्या संत अपोलोनिया यांचे दात २४९ साली जमावाने मारून पाडले, तरी त्यांनी श्रद्धा सोडली नाही. आपण ९ फेब्रुवारीला त्यांचे स्मरण करतो, दातदुखीत त्यांचा धावा करतो. त्यांनी त्या दातांचा मोबदला मागितला नव्हता.

आणि मुलाने सरळ विचारले, “परी खरी आहे का?”, तर सरळ सांगावे. दुधाचा दात कसा पडतो, ते पाहा. खालून पक्का दात वर येऊ लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळत जाते. म्हणून पडलेल्या दाताला मूळ जवळजवळ दिसत नाही. वेळेआधी ओढला तर दुखतो, आणि सुटल्यावर धरून ठेवण्यात अर्थ नसतो. मुलाचा प्रश्न म्हणजे हलणारा दात. तो आला की समजावे, खालून काहीतरी पक्के वर येते आहे. त्याला वाट द्यावी.

द्यायचे किती? घरात सहज देता येईल तेवढे. कुणी आवडीचा पदार्थ करावा, कुणी मुलाला मांडीवर घेऊन स्वतःचा दात पडला त्या दिवसाची गोष्ट सांगावी. फक्त वर्गात, अंगणात, चर्चच्या पायरीवर रकमेची चर्चा होणार आहे, हे लक्षात ठेवून द्यावे. आपल्या मुलाच्या शेजारी कोण बसते, हे आपल्याला माहीत असावे. प्रभूने सांगितले आहे की आपल्या डोक्यावरचे केससुद्धा पित्याने मोजलेले आहेत. जो केस मोजतो, त्याने या मुलांचे वीस-वीस दुधाचे दातही मोजले असतील; उशीखालच्या नोटा मोजल्या असतील असे वाटत नाही.

गेल्या रविवारी तो मुलगा पुन्हा पुढच्या बाकावर येऊन बसला. न विचारता तोंड उघडून नवी फट दाखवली. “टीचर, आज्जीनं दात वर टाकायला लावला. आमच्याकडं कौलं नाहीत, पत्रा आहे. टण्‌ असा आवाज आला!” मग हळूच म्हणाला, “आणि कुंदा आणला होता. तो चावावा लागत नाही.”

चला, आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू लहान मुलांना जवळ घेतलेस. आमच्या मुलांचे दात पडतात, नवे येतात, ती आमच्या डोळ्यांदेखत मोठी होतात. त्यांना देताना आमचा हात मोकळा असू दे आणि आमचे बोलणे खरे असू दे. ज्या घरी कुणी येत नाही, त्या घरी जायला आम्हाला पाय दे. आणि तुझ्या पित्याला हाक मारताना ‘आमच्या’ हा शब्द आम्हाला मनापासून म्हणता येऊ दे. आमेन.