कोल्हीच्या गावाला जाऊ या!

सुट्टीचा अर्ज दिला तेव्हा बॉसने मान वर करून विचारलं, "चीन? शांघाय का?"

"नाही सर. पुझहेइ."

"तिथे काय आहे?"

आता काय सांगणार? तिथे एक लाल कोल्ही राहते, तिला नऊ शेपट्या आहेत, ती स्वयंपाकात एक नंबर आहे आणि एका पांढऱ्या केसांच्या, लाखो वर्षं वयाच्या, कमालीच्या शिष्ट देवावर तिचा जीव जडलाय! म्हटलं, "लेक आहेत सर, डोंगर आहेत." सही झाली.

तर मंडळी, ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चिनी टीव्हीवर देव, राक्षस, परी, ड्रॅगन यांच्या प्रेमकथांचा एक अख्खा प्रकार आहे, त्याला 'शियानशिया' म्हणतात. 2017 मध्ये आलेल्या 'इटर्नल लव्ह' या 58 भागांच्या मालिकेने त्यात कहर केला. यांग मी आणि मार्क चाओ त्यात मुख्य जोडी होती. तिच्यातल्या एका उपकथेला पुढे स्वतंत्र मालिका मिळाली, 'इटर्नल लव्ह ऑफ ड्रीम'. दोन्ही थांग छी या लेखिकेच्या कादंबऱ्यांवरच्या. पहिली रडवते. दुसरीचा मूड एकदम हलकाफुलका, निदान तसं ती सुरुवातीला सांगते तरी! माझा जीव या दुसरीवर.

आणि दोन्हींतल्या कोल्ह्यांचं माहेर म्हणजे 'छिंगछ्यू'. पहिल्या मालिकेत हे गाव दाखवलं ते युन्नान प्रांतातल्या पुझहेइला. म्हणजे चक्क जाता येतं!

मी गेले जुलै 2025 मध्ये. तेव्हा भारत-चीन थेट विमानं सुरू झाली नव्हती (ती ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली), त्यामुळे मुंबईहून बँकॉक आणि तिथून कुनमिंग. कुनमिंगहून बुलेट ट्रेन. 2016 च्या डिसेंबरात ही लाइन सुरू झाली आणि पुझहेइच्या नावाचं स्टेशनच मिळालं. दीड तासाच्या आत तुम्ही तिथे. आपल्याकडे तेवढ्या वेळात ठाण्याहून अंधेरी झालं तर देवाचे आभार मानायचे. एक टिप घ्या: आपलं भारतीय सिम रोमिंगवर ठेवलंत तर व्हॉट्सअॅप चालतं. हॉटेलच्या वायफायवर नाही.

गाव कसं आहे? सपाट पाणी आणि त्यातून मधूनच उगवलेले चुनखडीचे डोंगर. सह्याद्रीसारखे रांगेत उभे नाहीत. कुणीतरी खेळता खेळता मुलाला हाक आली म्हणून तसेच टाकून गेलेले वाटतात. पाण्यावर मैलोन्मैल कमळं. काठाला मक्याची शेतं, म्हशी, इलेक्ट्रिक स्कूटर आणि पर्यटकांना हिंडवणाऱ्या घोडागाड्या. इथले मूळचे लोक यी समाजाचे. त्यांच्या भाषेत 'पुझहेइ' म्हणजे मासे आणि कोळंबीने भरलेलं तळं. नाव खोटं नाही. काठाकाठाला बायका छोटे मासे नि कोळंबी तळून देत होत्या. आणि कमळाच्या पाकळ्या पिठात बुडवून तळलेल्या. भजीच हो! चव म्हणाल तर पाकळीची फारशी नाही, पिठाचीच. पण खाताना एकदम शाही वाटतं.

बोटीत बसलात की अंगावर प्लास्टिकचा कोट चढवा, आणि मग विसरून जा, कारण काही उपयोग होत नाही. इथे बोटीत बादल्या नि टमरेलं ठेवलेली असतात. समोरून बोट आली की युद्ध! माझ्याबरोबर कुनमिंगचं एक कुटुंब होतं. आजोबांनी पहिली बादली ओतली ती थेट माझ्याच डोक्यावर, तेही आपल्याच बोटीतून. अख्खी रंगपंचमी, फक्त रंग नाही.

आता तुम्ही म्हणाल, मालिकेचं काय? सांगते.

फंगज्यू ही कोल्ही म्हणजे दिलरबा दिलमुरात. नाव वाचून दचकलात ना? ती उरुमचीची, उइगुर. नावातला 'दिलरुबा' आपल्याकडे फारसीतून आला, तोच. दोंगह्वा दीज्यून हा पांढऱ्या केसांचा देव म्हणजे गाओ वेइग्वांग. एकेकाळी त्रिभुवनाचा राजा, आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन मासे पकडत बसलेला. याने तिचा जीव वाचवला, ती उपकार फेडायला याच्या महालात मोलकरीण होऊन शिरते. पुढे चक्क बोलता न येणारी छोटी कोल्ही होऊन याच्या मांडीवर झोपते. याला वाटतं पाळीव प्राणी! हा तिला कुरवाळतो, तिच्याशी मनातलं बोलतो आणि खरी ती समोर आली की ओळखतच नाही. पुढे एकदा पळता भुई थोडी होते म्हणून ती स्वतःला रुमाल करून घेते आणि तो रुमालच हा उचलून खिशात घालतो.

हे सगळं भन्नाट आहे. कारण यात कुणाला जग वाचवायचं नसतं. ती मासे शिजवते, तो थंड चेहऱ्याने तिची टिंगल करतो. यान छ्रवू नावाचा एक राक्षस मध्ये मध्ये येऊन तडफडतो. तो इतका गोड आहे की नायकापेक्षा त्याच्याशीच लग्न करावं असं मला दहा वेळा वाटलं. कपडे जबरदस्त, सेटवरची फुलं उघड उघड प्लास्टिकची, आकाशातले महाल कॉम्प्युटर गेमसारखे. त्याचंही काही वाटत नाही. लहानपणी गणपतीत थर्माकोलचा हिमालय बघून आपण 'खोटा आहे' म्हणून रुसलो होतो का?

पुझहेइला पोचल्यावर मला हे आणखी पटलं. मालिकेत याच डोंगरांच्या डोक्यावर धुकं, प्रकाश, उडते पक्षी असं काय काय चिकटवलंय. प्रत्यक्षात डोंगर उघडे, ठेंगणे, साधे. आणि जास्त छान. कथेचंही तसंच. ती छिंगछ्यूच्या चुलीजवळ रमते तोवर जमून येते, नि स्वर्गात गेली की बिघडते.

मूळ गोष्ट तर आणखी गंमतीची. 'शान हाय चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथात छिंगछ्यूच्या नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याचा उल्लेख आहे. तो तान्ह्या बाळासारखा आवाज काढतो आणि माणसं खातो! तिथून आपली फंगज्यू बरीच सुधारली म्हणायची.

गावातल्या एका दुकानात भाड्याने कपडे मिळत होते. लाल झगा, केसांत फुलं, कपाळावर फंगज्यूसारखं लाल फूल. रंगवणाऱ्या मुलीने मोबाइलच्या ट्रान्सलेटरवर विचारलं, "तुमच्या देशात पण बघतात?" म्हटलं, "माझ्या घरात तरी बघतात." मग तिने बरंच काही सांगितलं. मोबाइलने त्याचं एवढंच केलं: "देव नेहमी उशिरा येतो."

अगदी. इथेच तर माझं भांडण आहे.

ही मालिका चीनमध्ये सुरू झाली 22 जानेवारी 2020 ला. दुसऱ्याच दिवशी वूहान बंद झालं. 56 भागांची परीकथा आणि घरात कोंडलेला देश! आपल्याकडे मार्चमध्ये तेच झालं. मी पुण्याला आईकडे अडकले, डायनिंग टेबलवर ऑफिस. संध्याकाळी लॅपटॉप बंद केला की आम्ही दोघी ही मालिका लावायचो. मी इंग्रजी सबटायटल्स वाचून मराठीत सांगायची. आई भाजी निवडत ऐकायची. दीज्यूनला ती 'पांढऱ्या केसांचे सर' म्हणायची. तिचा एकच प्रश्न असायचा. "अगं, पण हे सर बोलत का नाहीत?"

सरांचं कारण असं की, त्यांनी फार पूर्वी तीन जन्मांच्या दगडावरून स्वतःचं नाव स्वतःच पुसलंय. नशिबात लग्न नको, कमजोरी नको. पहिल्या मालिकेत तर या दगडावर दोघांची नावं कोरता यावीत म्हणून बिचारी स्वतःची एक शेपटी कापते. आणि हे महाशय गप्प. तिच्या भल्यासाठी म्हणे! नायकाने मनातलं न सांगणं म्हणजे त्याग, आणि नायिकेने वाट बघणं म्हणजे प्रेम, असा यांचा हिशोब. पार्श्वसंगीत इतकं सुरेख की हिशोब तपासायचं सुचत नाही.

त्यातून फंगज्यू म्हणजे साधीसुधी पोर नाही. छिंगछ्यूची भावी राणी आहे. पण राज्य करताना ती किती दिसते? जवळजवळ नाहीच. मधले अरान्याच्या स्वप्नाचे भाग तर इतके ताणलेत की आईची दोन वेळा भाजी निवडून झाली.

मग तो भाग आला. लग्नाचा दिवस. ती नटून बसलीय, पाहुणे आलेत आणि नवरदेव येतच नाही. दुसऱ्याच कुणाचा तरी जीव वाचवायला गेलाय.

आईने निवडलेली मेथी बाजूला ठेवली आणि लॅपटॉप मिटला. म्हणाली, "बास. असल्या माणसाची वाट बघायची नाही."

आईला माहीत होतं की नव्हतं, मला अजून कळलेलं नाही. पण तेव्हा माझंही एक वाट बघणं चालू होतं. तीन वर्षं झाली होती. तो ऑनसाइट गेलेला, दर दोन महिन्यांनी 'थोडा वेळ दे' म्हणणारा. त्यालाही कारणं होती. सगळी माझ्याच भल्याची. मी ते ऐकून घ्यायची आणि स्वतःला समजावायची की मितभाषी आहे बिचारा, मनाने चांगला आहे. थोडक्यात, माझ्या डोक्यात कुणीतरी बासरी वाजवत होतं.

त्या रात्री मी त्याला सरळ विचारलं. उत्तर आलं, "बघू."

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. रडले, ऑफिसचे कॉल केले, ब्रेड करायला शिकले. तेव्हा सगळेच शिकत होते.

पण खरी गोची पुढे आहे, बॉस! उरलेले भाग मी एकटीने, रात्री, हेडफोन लावून बघितले. फंगज्यू त्याला सोडून जाते, पृथ्वीवर पोर वाढवते. त्या पोराचे केस बापासारखे पांढरेशुभ्र. नाव गुनगुन, म्हणजे गोलमटोल. आणि तो आगाऊ पोरगा आईबापाची सांगड घालायला लागला की मी सगळं विसरून हसत होते. शेवटी ते भेटले तेव्हा ढसाढसा रडले. ज्या माणसाला प्रत्यक्षात 'बघू'वर डच्चू दिला, त्याच्याच पांढऱ्या केसांच्या आवृत्तीला मी पूर्ण माफ केलं होतं! नोव्हेंबर 2020 मध्ये सरकारने 43 अॅप्सवर बंदी घातली, त्यात चिनी मालिकांचं वीटीव्हीही होतं. तेव्हा माझी दुसरी फेरी चालू होती. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी मी छिंगलोंगशान चढले. गावातली छोटीशी टेकडी. पायऱ्या आहेत, वीसेक मिनिटांत वर. सूर्यास्त बघायला एवढी गर्दी की पुढच्याच्या सेल्फी स्टिकमधून सूर्य बघावा लागतो. पण खाली तळी एकेक करून तांबडी व्हायला लागली, डोंगर काळे झाले, आणि सगळे आपोआप गप्प झाले. माझ्या पुढेच लाल झग्यातली एक मुलगी उभी होती, पायांत स्पोर्ट्स शूज. तिचा मित्र धापा टाकत पायऱ्या चढत होता, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या आणि तिची पर्स. "उशीर झाला, उशीर झाला," असंच काहीतरी म्हणत असावा. तिने त्याच्या हातातली बाटली घेतली आणि त्यालाच आधी प्यायला लावलं.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात साडेपाच वाजले होते, चहाची वेळ.

"हे बघ आई, कोल्हीचं गाव."

तिने चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे गं. आपल्या पानशेतसारखं." आणि जरा थांबून, "ते सर आले का गं मग शेवटी?"

"आले."

"बोलले?"

"बोलले. थोडंसं."

"हं." तिने चहाचा घोट घेतला. "माझे किती भाग राहिलेत?"

"दहाएक असतील."

"आलीस की लाव. पण जेवणं झाल्यावर. नि त्या स्वप्नाचं परत दाखवू नकोस हां, ते फार बोअर आहे."