बंदुकीनंतरची ग्रामसभा

युद्ध संपले की त्याच्या जागी लोकशाही रुजते, या समजुतीला इतिहासाचा आधार फार थोडा आहे. तिच्या पुष्ट्यर्थ नेहमी १९४५ नंतरच्या जर्मनी आणि जपानची उदाहरणे दिली जातात. परंतु या दोन्ही देशांना युद्धापूर्वीच संसद, पक्ष आणि निवडणुका परिचित होत्या, तर अफगाणिस्तानात वारंवार मतदान घेऊनही उभी केलेली राज्यरचना २०२१ मध्ये काही आठवड्यांत कोसळली. रोलंड पॅरिस यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात निवडणुकांची घाई करण्यापूर्वी न्याय आणि प्रशासनाच्या संस्था उभ्या राहिल्या पाहिजेत, असा क्रम मांडला.

गडचिरोलीला मात्र हा क्रमही जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण १९८० पासून येथे चाललेला सशस्त्र संघर्ष संविधान, मतदान आणि पंचायत राज अस्तित्वात असतानाच घडला आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली, तेव्हा आता या जिल्ह्यात लोकशाही येईल, असे म्हटले गेले. रक्तपात थांबणे ही मोठीच गोष्ट आहे. दलम, म्हणजे माओवाद्यांची सशस्त्र तुकडी, आणि पोलीस यांच्यामध्ये सापडून ज्या गावांनी आपली माणसे गमावली, त्यांच्यासाठी तर ती सर्वांत मोठी आहे. तरीही त्या विधानामागचे गृहीतक तपासावे लागते.

जिल्ह्यातील लोकशाहीचा सर्वांत भक्कम प्रयोग शांततेची वाट पाहत थांबला नव्हता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा संघर्षाच्या ऐन काळात घडवली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या पारंपरिक जंगलाचा वापर, रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार, २००९ मध्ये देशात सर्वप्रथम मिळवणाऱ्या गावांत स्थान मिळवले. पण हक्क मिळूनही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याच्याच हाती होते. ते ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला. हा विलंब कोणत्याही दलमने घडवलेला नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावची ग्रामसभा तर आणखी पुढे गेली: २०१२ मध्ये वनहक्क मिळाल्यावर तिने तेंदूपान तोडणे बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. हाती येणारा पैसा जंगलासाठी सोडण्याचा हा निर्णय गावाने स्वतः घेतला, आणि लोकशाहीची याहून खरी कसोटी सापडणे कठीण आहे.

याउलट, २००३ पासूनच्या नक्षल गावबंदी योजनेत नक्षलवाद्यांना प्रवेश नाकारणारा ठराव करणाऱ्या गावाला शासन विकासनिधी देत असे; दलम दुसऱ्या बाजूने निवडणुकांवर बहिष्कार लादून ग्रामपंचायत सदस्यांना राजीनामे द्यायला लावी. दोघांनाही ग्रामसभेची संमती हवी होती, तिचे मत नको होते. ही सवय शस्त्रे खाली ठेवल्याने जात नाही. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड लोहखाणीची उत्पादनक्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यासंबंधीची जनसुनावणी, म्हणजे बाधितांचे म्हणणे ऐकण्याची कायदेशीर प्रक्रिया, ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती खाणीच्या परिसरात नव्हे, तर शंभराहून अधिक किलोमीटर दूर, जिल्ह्याच्या मुख्यालयी.

शस्त्रांशी संबंध नसलेला विलंब इतरत्रही दिसतो. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. महाराष्ट्राने त्याचे नियम मात्र २०१४ मध्ये केले. गडचिरोली जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि आरक्षणाच्या न्यायालयीन वादात २०२५ सरेपर्यंत तिचा कारभार प्रशासकाच्याच हाती राहिला. तिची निवडणूक दलमच्या बहिष्कारामुळे थांबली नव्हती.