गाडीतला संडास आणि आदिलाबादची वाट

हैदराबाद ते आदिलाबाद साधारण ३०० किलोमीटर, ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, रस्ता झकास. तरी कामारेड्डी मागे पडलं की आमच्या घरातल्या बायका पाण्याची बाटली पिशवीत घालून ठेवतात. उगाच गाडी थांबवायला नको म्हणून. महामार्गावर टोलनाके, पेट्रोल पंप असल्यामुळे सोय तरी होते. पण नेरडिगोंड्याहून कुंटाळा धबधब्याकडे किंवा गुडिहतनूरहून इंद्रवेल्ली-उटनूरच्या बाजूला वळलात की सागाचं जंगल, कापसाची शेतं आणि गोंडांची छोटी गावं. तिथे पुरुष झाडाआड जाऊन येतात, बायका दिवसभर कळ काढतात. मग घरी परतल्यावर लघवीची जळजळ आणि डॉक्टर. सासूबाईंचे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे त्यांना तर झाडाआडचाही पर्याय नाही.

म्हणून दिरांनी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बिछाने आणि ओटा बसवायला घेतला तेव्हा आम्ही जावांनी एकच अट घातली: आधी संडास, मग बाकीचं.

बाजारात पाहिलं तर तीन तऱ्हा दिसतात. एक, गाडीच्या तळाला कायमची टाकी बसवायची. परदेशात तळांवर ती रिकामी करायची ठरलेली जागा असते. आपल्याकडे महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी. पण आदिलाबादच्या जंगलात उपसा करणारी गाडी कुठून बोलावणार? दुसरी तऱ्हा कोरड्या संडासाची. लघवी वेगळ्या डब्यात, बाकीचं लाकडाच्या भुशात किंवा नारळाच्या काथ्यात. वास कमी, रसायन नाही. पण ही रचना कागद वापरणाऱ्यांसाठी. आपण पाण्याने धुणार, ते पाणी भुशात जाणार आणि चिखल होणार. आपली सवय बदलणार नाही, तेव्हा तो नाद सोडलेला बरा.

उरली तिसरी: खाली सुटी होणारी टाकी असलेला संडास, ज्याला कॅसेट टॉयलेट म्हणतात. वर बैठक आणि फ्लशचं स्वच्छ पाणी, खाली मैल्याची टाकी, दोहोंमध्ये सरकती झडप. आम्ही हाच घेतला, आणि बैठक खुर्चीच्या उंचीची आहे ना हे सासूबाईंना दुकानात बसवून बघितलं. दुकानदार हसला, हसू दे.

आता हिशेब. साधारण २० लिटरची टाकी अमुक दिवस पुरते असं माहितीपत्रकात छापलेलं असतं, ते कागदवाल्यांच्या हिशेबाने. आपलं धुण्याचं पाणी आणि फ्लश धरून एका वेळचे दीड-दोन लिटर सहज होतात, लघवीचं निराळं. चौघांना टाकी जेमतेम दीड दिवस पुरते. जेट स्प्रे लावलात तर तेवढीही नाही. आम्ही अर्ध्या लिटरचा तांब्या ठेवलाय. आणि भरलेली टाकी म्हणजे २० किलोंहून जास्त वजन, तेव्हा चाकं आणि ओढायचा दांडा असलेलीच घ्या.

खरा प्रश्न ती ओतायची कुठे. कुंटाळा आणि पोचेरा हे दोन्ही धबधबे कडम नदीवर. पुढे ही नदी गोदावरीला मिळते. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते, तिच्यासाठी मेश्राम कुळातले गोंड जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूहून गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात. ज्या ओढ्याकाठी आपण फोटो काढतो तो कुठे ना कुठे त्या गोदावरीतच जातो, आणि वाटेतल्या गावांना तोच ओढा असतो. रात्री अंधारात टाकी नाल्यात उपडी करणारे सहलवाले मी पाहिलेत. शिवी तोंडावर आली होती.

आम्ही महामार्गावर परतलो की लॉजवर एक खोली घेतो, आंघोळी उरकतो आणि परवानगी मागून तिथल्या संडासात टाकी ओततो. आदिलाबादेत बऱ्याच जणांना मराठी येतं, त्यामुळे हे नाजूक बोलणं सोपं जातं. एका लॉजच्या रखवालदारकाकांनी मात्र आधी विचारलं, "त्याच्यात दवाई टाकली का? टाकी मरते त्यानं." अगदी बरोबर. निळ्या औषधांपैकी काहींत फॉर्मॅल्डिहाइड असतं. ते वास मारतं, पण सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणूही मारतं. रेल्वेच्या डब्यांखाली डीआरडीओच्या तंत्राचे जैव-संडास आले आहेत, तेही अशा जिवाणूंवरच चालतात. तेव्हा डब्यावरची अक्षरं वाचून एन्झाइमवालं औषध घ्या. गावातल्या कुणाच्या घरच्या शोषखड्ड्यात मात्र, अगदी आग्रह झाला तरी, ओतू नका. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, पावसाळ्यात तर खड्डे आधीच तुडुंब असतात.

निगा फार नाही, पण रोजची आहे. रिकाम्या टाकीत थोडं पाणी आणि औषध घालूनच ती परत बसवायची. ओतताना हवेचं बटण दाबून धरलं की गचके बसत नाहीत आणि अंगावर उडत नाही. नंतर दोन-तीनदा खळबळून घ्यायचं. हातमोजे वेगळे, त्यांना स्वयंपाकाच्या ओट्याशी फिरकू द्यायचं नाही. झडपेच्या रबराला सिलिकॉनचं तेल लावा. व्हॅसलिन किंवा खोबरेल लावाल तर रबर फुगतं आणि गळती सुरू. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर धरला तर लिंबूसत पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचं, ब्लीच नको. उन्हाळ्यात इथे पारा ४५च्या आसपास जातो, टाकीत वायू कोंडतो. म्हणून बसण्याआधी झाकण बंद ठेवून झडप किंचित सरकवायची. मुलांना हे पहिल्या दिवशीच शिकवा, कारण शिकवलं नाही तर ते एकदाच आणि फवाऱ्यासकट शिकतात. थंडीत उलट. आदिलाबाद तेलंगणातल्या सगळ्यात थंड भागांपैकी. डिसेंबर-जानेवारीत एन्झाइम सुस्तावतं, वास लवकर येतो, तेव्हा टाकी भरायची वाट न पाहता रोज रिकामी करा.

पुढे किनवटवरून माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाणार असाल तर आदिलाबादेतच टाकी धुऊन, फ्लशचं पाणी भरून निघा. नवरात्रात गडाच्या पायथ्याशी गाडी लावायलाच जागा मिळत नाही.