मुंबई ते नागपूर

मुंबईपासून नागपूर किती दूर, असे विचारले तर रेल्वेचे दफ्तर 837 किलोमीटर सांगते, समृद्धी महामार्गाची लांबी 701 किलोमीटर भरते, आणि दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेघ ओढली तर ती सातशेच्या आतच संपते; विमान ते अंतर सव्वा ते दीड तासात तोडते. यांतला कोणताही आकडा खोटा नाही. परंतु मोजणाऱ्याने कोठून आरंभ केला आणि काय वगळले, याची नोंद त्या आकड्यात नसते.

सूर्याचा हिशेब तर याहून निराळा. नागपूर सहा अंशांहून थोडे अधिक पूर्वेला असल्यामुळे तेथे सूर्य सुमारे 25 मिनिटे आधी माथ्यावर येतो, आणि म्हणून दुपारी उशिरा मुंबईहून उडालेला प्रवासी उतरतो तेव्हा, घड्याळाने दीडच तास गेलेला असला तरी, संध्याकाळ त्याच्या अंदाजाच्या बरीच पुढे गेलेली असते. विमानाला तेवढेच अंतर जाणवते. आगगाडीला मात्र सारा मुलूख भोगावा लागतो: कसाऱ्याला मागून बँकर इंजिने लागतात आणि घाट चढताना त्यांचा रेटा डब्यात पाठीला कळतो, शेगावला पुडीतल्या ऊन कचोरीचे तेल कागदातून बोटांना लागते, आणि अकोल्याच्या आसपास नवे उतारू आत आले की डब्यातली बोली हळूहळू वऱ्हाडी होते. आपण दूर आलो, हे त्या क्षणी कानांना प्रथम कळते.

विमानाने अंतर कमी होते, हे मी नाकारीत नाही. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. साऱ्या देशाच्या पत्रांनी मध्यरात्री ज्या गावी एकमेकांस भेटावे, त्या गावाला दूर कोण म्हणेल? मला त्या व्यवस्थेचे फार अप्रूप वाटते; कारण तेथे चारही शहरे आपणहून अर्ध्या वाटेवर येत होती.

विदर्भाला महाराष्ट्रात सामील करून घेण्यासाठी झालेल्या 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात अर्ध्या वाटेवर येण्याचा हाच विवेक होता. शासनाने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरास मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरवावे, असे त्यात कलम आहे. आज हिवाळ्यात मंत्रालयाच्या फायली मालमोटारींतून जातात, मंत्री विमानाने जातात, आणि अधिवेशन बहुधा दोन आठवड्यांच्या आत आटोपते. गडचिरोलीतल्या भामरागडच्या अर्जदाराचा नागपूर गाठण्यातच एसटीत जवळजवळ सबंध दिवस मोडतो, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की तोही रस्ता बंद होतो; त्याच्या अर्जाचा कागद मुंबईस अडकलेला असेल, तर विमानाच्या त्या दीड तासाचा त्याला काय उपयोग? शासनाने हा मुक्काम नेमाने वाढवावा, खात्यांचे सचिव आपल्या दफ्तरांसह तेथे महिना-दीड महिना बसावेत, आणि तेवढ्या अवधीत आलेल्या अर्जावरचा हुकूम अर्जदाराच्या हाती नागपुरातच पडावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.