मक्याला चुना

'चुना लावणे' या वाक्प्रचाराचा आपल्याकडे एकच अर्थ आहे आणि तो काही फारसा सभ्य नाही. पण जगात एक देश असा आहे जिथे तीन हजार वर्षांहून जास्त काळ लोक मक्याला चुना लावत आले आहेत आणि त्यात फसवणूक कुणाचीच नाही. उलट ज्यांनी लावला नाही तेच फसले! देश अर्थातच मेक्सिको, आणि चुना लावलेल्या त्या मक्याची भाकरी म्हणजे टॉर्टिया.

आता तुम्ही म्हणाल, टॉर्टिया आम्हाला माहीत आहे, मॉलमध्ये पाकिटात मिळते. मिळते खरी, पण ती बहुतेक वेळा मैद्याची असते. उत्तर मेक्सिकोत गव्हाच्या टॉर्टिया करतातही, त्यामुळे ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. पण मूळची, जुनी, घराघरातली टॉर्टिया मक्याचीच. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये 'मेक्सिकन डे' असतो तेव्हा मैद्याच्या गुंडाळीत राजमा आणि ढीगभर चीज घालून देतात. पोट भरतं. असो.

तर निमित्त असं की दिवेआगरला काका-काकूंच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आम्ही सगळे जमणार होतो. अकरा माणसं. पावसाळ्यात पाहुणे कमी, त्यामुळे काकूची खानावळ जवळजवळ बंदच असते. १९९७ साली गावातल्या एका वाडीत तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, तेव्हापासून दिवेआगरला माणसांची रीघ लागली आणि घरोघरी जेवणाची सोय सुरू झाली. त्यातलीच एक काकूची. आधी हा जोडधंदा होता, मुख्य उत्पन्न सुपारीचं. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं आणि एका दुपारीत आमच्या वाडीतल्या बहुतेक पोफळी आडव्या झाल्या. नवीन रोपं लावली, पण पोफळ काही वर्षा-दोन वर्षांत फळ देत नाही. तेव्हापासून घर चालतं ते काकूच्या मनगटांवर. शब्दशः. सीझनला दिवसाला शंभर-सव्वाशे तांदळाच्या भाकऱ्या ती एकटी थापते. फाटकावर पाटीच आहे, 'हातावरची भाकरी मिळेल'.

मी फोनवर जाहीर करून टाकलं की त्या दिवशी काकूने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, मी एन्चिलादा करणार. काकू म्हणाली, "ते काय असतं?" म्हटलं, मिरचीत बुडवलेली भाकरी. खरोखरच त्या शब्दाचा अर्थ 'मिरची लावलेली' एवढाच आहे. काकू म्हणाली, "मग त्यात करायचं काय असतं?"

करायचं बरंच असतं! तयारी आदल्या दिवशी सुरू होते. पुण्याच्या भुसार दुकानातून किलोभर वाळलेला पांढरा मका घेतला (स्वीट कॉर्न नाही, पॉपकॉर्नचाही नाही), ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा करत संध्याकाळपर्यंत दिवेआगर गाठलं. चुना काही न्यावा लागला नाही. सुपारीच्या गावात पानाच्या डब्यात तो असणारच. एक किलो मक्याला साधारण दहा ग्रॅम कोरडा चुना पुरतो, डब्यातला ओला असतो म्हणून थोडा जास्त घेतला. अडीच-तीन लिटर पाण्यात चुना कालवायचा, मका घालून तासभर मंद शिजवायचा आणि रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचा. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमचं अजिबात नको, चुन्याने ते खराब होतं. तासाभरात पांढरा मका पिवळा पडला आणि घरभर वास सुटला. काका ओसरीवरून ओरडला, "काय रे, भिंतींना चुना मारताय का दिवाळीसारखा?"

सकाळी मक्याची सालं हातात चोळली की सुटून येतात. दोन-तीन पाण्यांनी धुतलं की दाणे मऊसर, दाबले की पिठूळ. मग वाटण. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि पीठ सैल होतं, म्हणून पाटा-वरवंटा काढला. मेक्सिकोतही अगदी हेच साधन आहे, त्याला मेताते म्हणतात. फरक इतकाच की त्यांच्या पाट्याला तीन पाय असतात. किलोभर मका वाटताना मी तीनदा थांबलो. चुलतबहिणीने व्हिडिओ काढला, तो फॅमिली ग्रुपवर अजून फिरतोय.

इथे आमच्यातला इंजिनीअर जागा झाला, त्याला इलाज नाही. भाकरीचा मूळ प्रॉब्लेम काय? गव्हात ग्लुटेन असतं, ते पीठ धरून ठेवतं. तांदळात नाही, मक्यातही नाही. नुसत्या पिठाचा गोळा थापायला जावं तर कडा फाटतात. कोकणाने यावर काढलेला उपाय म्हणजे उकड. उकळत्या पाण्यात पीठ घातलं की तांदळातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच चिकटपणा ग्लुटेनचं काम करतो. मेक्सिकोने काढलेला उपाय म्हणजे चुना. चुन्याच्या पाण्यात मक्याच्या सालीचा भाग विरघळतो, डिंकासारखा होतो, आणि पीठ एकसंध राहतं. एकच बग आणि दोन वेगवेगळे फिक्स, तेही जगाच्या दोन टोकांना, एकमेकांना न विचारता!

पण चुन्याचं काम तेवढ्यावर संपत नाही. मक्यात नायसिन नावाचं ब जीवनसत्त्व असतं, पण ते अशा रीतीने बांधलेलं असतं की आपल्या शरीराला मिळत नाही. चुना ते मोकळं करतो. मेक्सिकोच्या बायकांना जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता, कृती ठाऊक होती. मग युरोपातली माणसं आली, मक्याचं बियाणं जहाजात भरून घेऊन गेली आणि चुना मागेच राहिला. स्पेनमध्ये, इटलीत गरिबांचं रोजचं अन्न मका झालं आणि त्यांना एक भयंकर रोग होऊ लागला. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी बुद्धी भ्रमायची. पेलाग्रा. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारो माणसं त्याने मेली. बरेच जण संसर्ग समजत होते. हा जंतूंचा नव्हे, आहारातल्या उणिवेचा रोग आहे हे जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने प्रयोग करून दाखवलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड कॉपी केला, पण तो चालवायचा कसा हे ज्यांना माहीत होतं त्यांना कुणी विचारलंच नाही. कारण ती माहिती कागदावर नव्हती, स्वयंपाकघरातल्या बायकांच्या हातात होती.

दुपारी टोमॅटो भाजत होतो तेव्हा काकाने विचारलं, "मेक्सिको कुठे आणि आपण कुठे, तुला हे सुचलं कसं?" म्हटलं, काका, तुझ्या समोरच्या ताटात बघ. मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू, पपई, काजू, सगळं तिकडच्याच खंडातलं. आणि माणसंही इकडून तिकडे गेलीच आहेत की. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे घ्या. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीच्या पहिल्या फळीत होते, इंग्रजांनी मायदेशाची दारं बंद केली आणि १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोचले. तिथे चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि संशोधन कशावर केलं? मक्यावर! शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर जे चित्र काढलं, त्यात भाकरीच्या मेजाशी बसलेला माणूस म्हणजे हे खानखोजे. स्वातंत्र्यानंतर ते परतले, १९६७ साली नागपूरला वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. काका बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि आम्हाला शाळेत एक ओळ नाही."

आता संध्याकाळ. मिरच्या ब्याडगी, कारण रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. त्या कोरड्या भाजून, गरम पाण्यात भिजवून, भाजलेला टोमॅटो-लसूण घालून वाटल्या आणि तेलात परतल्या. सारणाला डाळिंब्या, म्हणजे आपल्या कडव्या वालांचं बिरडं, नारळाशिवाय कोरडं, आणि वर कुस्करलेलं पनीर. टॉर्टिया दाबायला मी पुरीप्रेस नेला होता. दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक वर-खाली, मध्ये लिंबाएवढा गोळा, एक दाब, की तव्यावर. भाजलेली टॉर्टिया तेलातून नुसती काढायची, म्हणजे रसात लगदा होत नाही. मग मिरचीच्या रसात बुडवायची, सारण, गुंडाळी, ताटात. ओव्हन नाही, चीजचा थर नाही.

पहिल्या पंगतीला काकूला बसवलं. ती वीस वर्षांत पहिल्या पंगतीला बसलेली कुणाला आठवेना. दोन खाल्ल्या, तिसरी मागितली. "उकडीपेक्षा वेगळी लागते, पण भाकरीच आहे," असं म्हणाली. मी खूश होऊन माझं पेलाग्राचं तत्त्वज्ञान परत ऐकवलं. म्हटलं, काकू, तुझ्या हातात जे आहे ते कुणीतरी शिकून घ्यायला हवं, नाहीतर तेही चुन्यासारखं मागे राहील.

काकू हसली नाही. ताटावरून उजवा हात उचलला आणि मनगट दाखवलं. सुजलेलं. डॉक्टरने थापणं बंद करायला सांगितलंय, तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. काकालाही. "शिकून काय करशील? तू पुण्याला थापणार आहेस का शंभर? आणि हे," तिने पुरीप्रेसकडे बोट केलं, "हे तिकडच्या बायका वापरतात का?"

वापरतात. मेक्सिकोतल्या बायका दिवसाचे कित्येक तास मेतातेवर गुडघे टेकून मका वाटायच्या. विसाव्या शतकात गावोगाव मका दळायच्या गिरण्या आल्या. हातच्या पिठाची चव गेली म्हणून कुरकुर झालीच, पण पीठ दळून मिळू लागलं आणि तास वाचले. चुना मात्र कुणी सोडला नाही. म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे शेवटी ज्यांची मनगटं होती त्यांनी ठरवलं.

जेवणं आटोपल्यावर काकूने उरलेल्या तांदळाच्या पिठाची उकड काढली आणि प्लॅस्टिकऐवजी केळीचं पान घालून गोळा दाबला. पहिली जाड झाली. दुसरी बरी. चौथी फुगली! काका म्हणाला, "पण पाटीवर हातावरची लिहिलंय." काकू म्हणाली, "मग पाटी बदला. उकड माझीच आहे."

प्रेस तिथेच ठेवून आलो. सीझन सुरू व्हायच्या आत जरा मोठा, लोखंडी करून न्यायचाय, माप काकूने दोऱ्याने घेऊन दिलंय. आणि उकडीला पाणी किती, मीठ कधी, आच कधी कमी करायची, हे सगळं मी या वेळी वहीत लिहून आणलंय. तुमच्यापैकी कुणी एन्चिलादा करणार असाल तर चुना पानाचाच घ्या, साधा, वासाचा नको. आणि वाटायला माणूस आधीच गाठून ठेवा.