पट्टीवरचे चौकोन

सोमवार, ३ जून
कॅन्सर वॉर्डातल्या नव्या मुलांचे ईसीजी काढले. केमो सुरू होण्याआधीची पट्टी फाइलमध्ये हवीच, यावर मी अडून बसते. पुढे ठोके बिघडले तर ताडून पाहायला त्याच मुलाची जुनी पट्टी लागते. दंगा करून पंधरा खाटा हलवणारी पोरं वायरी लावताना मात्र एकदम गप्प होतात. 'शॉक बसेल का?' हा प्रश्न ठरलेला. वायर आधी माझ्या हाताला लावून दाखवली.

बुधवार, ५ जून
रात्री सिस्टरांचा फोन. ल्युकेमियाची सहा वर्षांची मुलगी, स्टिरॉइड चालू, झोपेत नाडी ५८. गेले तेव्हा हातपाय गरम, रक्तदाब ठीक. हाक मारताच उठली आणि बिस्किट मागितलं. पट्टीत प्रत्येक ठोका जिथून निघायला हवा तिथूनच निघत होता, फक्त संथ. स्टिरॉइडच्या मोठ्या डोसावर काही मुलांची नाडी अशी मंदावते आणि डोस उतरला की पूर्ववत होते. औषध थांबवलं नाही. ल्युकेमिया हटवायला ते लागतंच. आईला सगळं समजावलं, मॉनिटर चालू ठेवला.

शनिवार, ८ जून
एका मुलाचे मधूनच जादा ठोके पडत होते. केमोचं औषध अजून गेलेलंही नव्हतं. हात वर केला की ठोके कमी, खाली केला की जास्त. दंडातून घातलेल्या पिक लाइनचं टोक हृदयाच्या कप्प्यात उतरलं होतं. एक्स-रेने तेच सांगितलं. लाइन थोडी मागे ओढली, ठोके थांबले. बिघडलेल्या ठोक्यांचं खापर दर वेळी केमोवर फोडून चालत नाही.

मंगळवार, ११ जून
एएमएल या ल्युकेमियाचा नऊ वर्षांचा मुलगा. जुलाब, उलट्या, जेवण बंद. बुरशीसाठी व्होरिकोनॅझोल, उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन. दोन्ही औषधं क्यूटी लांबवतात, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागतो. पट्टी टेबलावर पसरून मोजली. एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. क्यूटी दहा चौकोन, दोन ठोक्यांमधलं अंतर पंधरा. नाडीच्या वेगाचा हिशेब धरून बॅझेटच्या सूत्राने क्यूटी ५१६ मिलिसेकंद. नाडी जलद असली की हे सूत्र आकडा फुगवतं, म्हणून फ्रिडेरिशियाच्या सूत्रानेही काढला: ४७४. दोन्ही सूत्रं १९२० सालची, आजही रोज उपयोगी पडतात. पोटॅशियम २.९, मॅग्नेशियमही कमी. अशा वेळी ठोके अचानक वेडेवाकडे धावू लागतात, मूल बेशुद्ध पडतं, जीवही जाऊ शकतो.

ऑन्डॅनसेट्रॉन बंद केलं. मॅग्नेशियम आधी दिलं, कारण ते भरल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही. पोटॅशियम पंपावर, अगदी हळू. ते झपकन दिलं तर त्यानेच हृदय थांबेल. बुरशीच्या औषधाला दुसरा पर्याय निवडला. रात्रभर मॉनिटर.

गुरुवार, १३ जून
क्यूटी साडेआठ चौकोनांवर आला. आईने वहीत जुलाबाच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. 'मॅडम, परवापासून तो खेळत नव्हता, नुसता पडून राहायचा,' ती म्हणाली. मुलं 'धडधडतंय' असं क्वचितच सांगतात. खेळ सोडतात, घामाघूम होतात, दूध नको म्हणतात. म्हणून राउंडला आता पहिला प्रश्न आईलाच: 'ताई, काल आणि आज यांत काय फरक वाटतो?' उत्तर केस पेपरवर तिच्याच शब्दांत लिहायचं, असं ज्युनिअरना सांगितलं.

शुक्रवार, २८ जून
उपचार संपून बरीच वर्षं झालेला सतरा वर्षांचा मुलगा तपासणीला आला. त्याला लहानपणी डॉक्सोरुबिसिन मिळालं होतं. त्या लाल औषधाने त्याचा जीव वाचवला, पण हृदयाच्या स्नायूला त्याचा त्रास वर्षांनंतरही होऊ शकतो. एकूण डोस शरीराच्या दर चौरस मीटरमागे २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त झाला असेल तर धोका मोठा. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ठीक निघाला. 'कबड्डी खेळू?' म्हणाला. खेळ म्हटलं, पण धाप नेहमीपेक्षा जास्त लागली किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी ये.

त्याच्या डिस्चार्ज कागदावर एकूण डोस शोधायला अर्धा तास गेला. केमो संपवून घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती मराठीत एक पान हवं: कोणतं औषध, एकूण किती, पुढचा इको कधी. पुढच्या आठवड्यापासून आमच्या वॉर्डातून त्या पानाशिवाय एकही मूल घरी जाणार नाही.