मतलई आणि गळ

पूर्वेचा वारा सुटला की मासा गळास लागत नाही, अशी इंग्रजांची एक जुनी समजूत आहे. मालवणच्या धक्क्यावर तिचा काय उपयोग? हिवाळ्यात पहाटे वाहणारा मतलई वारा पूर्वेचाच. तो पाठीशी असला म्हणजे दोरी लांब जाते, पाणीही निवळते. दुपारी खारा वारा तोंडावर येतो व गळ पायाशीच पडतो. परंतु ढवळलेल्या पाण्यात मासाही कित्येकदा काठाशी येतो! जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा मातला की हे सारे गणित बुडते. होड्या वर ओढलेल्या, घरात मासळी नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत, ज्यास गळावाचून आधार नाही असा एखादा निसरड्या धक्क्यावर लाटा अंगावर घेत उभा असतो. कोळंबची खाडी जवळच आहे. तेथे आडोसा तरी मिळतो.